कानांनी खेळायचा खेळ: भाषा कोणती, प्लगिन कोणतं?



मागे एकदा आम्ही सांगितलं होतं की आपल्या केंद्रावर कानांनी खेळायचा एक मोबाइल गेम तयार होतो आहे. ते ऐकून काही कॉलेजच्या मुलींचे फोन आले. त्यांचा प्रश्न जवळजवळ एकच होता. "ताई, गेम बनवायचं इंजिन फुकट मिळतं हे कळलं. पण त्यात भाषा कुठली घ्यायची? आणि आवाजासाठी प्लगिन कुठलं टाकायचं?" आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे. ज्यांना गेमशी काही देणंघेणं नाही त्यांनीही ऐकायला हरकत नाही, कारण आम्ही या दोन्ही निवडी आधी चुकवल्या आणि त्या का चुकल्या हे समजायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.

आधी गेम काय आहे ते थोडक्यात. पडद्यावर जवळपास काहीच नाही. हेडफोन लावायचा आणि आठवडी बाजारात शिरायचं. डावीकडे भाजीवाली ओरडते आहे, उजवीकडून कुल्फीवाल्याची घंटा, लांब कुठेतरी पिठाची गिरणी. आवाजाच्या अंदाजाने वाट काढायची, यादीतलं सामान घ्यायचं, सुट्ट्या पैशांचा हिशेब करायचा आणि एसटी सुटायच्या आत स्टँडवर परत यायचं. कल्पना आमची नव्हे. आमच्या श्रोता गटात एक मुलगी आहे, तिला दिसत नाही. ती एकदा म्हणाली, "सगळे गेम डोळ्यांनाच का असतात?" तिथून हे सुरू झालं.

आता इंजिन म्हणजे काय? आपला रेडिओचा कार्यक्रम करताना आपण माइक बनवत नाही, मिक्सर बनवत नाही, ट्रान्समीटर तर नाहीच. ते तयार असतं. आपण बोलायचं काय आणि गाणं कधी लावायचं एवढं ठरवतो. गेम इंजिनचंही तसंच. चित्र काढणं, आवाज वाजवणं, पडद्यावर बोट लागलेलं ओळखणं ही कामं ते करतं. काय झालं की काय व्हायचं, हे मात्र आपण त्याला लिहून द्यायचं. ते ज्या भाषेत लिहून द्यायचं ती प्रोग्रॅमिंगची भाषा. आणि मूळ इंजिनात नसलेली एखादी सोय बाहेरून आणून जोडली, तर ती जोड म्हणजे प्लगिन.

आम्ही घेतलेलं इंजिन आहे गोदो. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मानसूर या दोघांनी ते आधी आपल्या कामापुरतं बनवलं आणि २०१४ साली सगळ्यांसाठी खुलं केलं. सॅम्युएल बेकेटच्या ‘वेटिंग फॉर गोदो’ या नाटकावरून त्याचं नाव आलं. नाटकातला गोदो शेवटपर्यंत येत नाही, आणि इंजिनही कधी ‘पूर्ण झालं’ असं होत नाही! खुलं म्हणजे एमआयटी परवान्याखाली. कुणीही घ्यावं, बदलावं, त्यावर केलेला गेम विकावा. परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा, एवढीच अट. पैसे वाचतात हा त्यातला लहान फायदा. मोठा फायदा काय, हे सप्टेंबर २०२३ मध्ये साऱ्या जगाने पाहिलं. युनिटी नावाच्या दुसऱ्या, खूप वापरल्या जाणाऱ्या पण खुल्या नसलेल्या इंजिनाच्या कंपनीने जाहीर केलं की ठरावीक मर्यादेच्या पुढे गेम जितक्या वेळा इन्स्टॉल होईल तितक्या वेळचे पैसे द्यावे लागतील. गेम करणाऱ्यांत इतकी खळबळ उडाली की वर्षभराने, सप्टेंबर २०२४ मध्ये, कंपनीने तो आकार रद्द केला. पण तोवर कितीतरी जण गोदोकडे वळले होते. घरभाडं अचानक वाढवणारा मालक आणि स्वतःच्या नावावरचं घर यातला फरक बायकांना वेगळा समजावून सांगायला नको.

आता भाषा. गोदोत मुख्यत्वे तीन वाटा आहेत. एक जीडीस्क्रिप्ट, ही गोदोची स्वतःची भाषा. दुसरी सी शार्प, ही मायक्रोसॉफ्टकडून आलेली, कॉलेजात शिकवतात ती. तिसरी सी प्लस प्लस, ज्यात खुद्द इंजिन लिहिलेलं आहे.

जीडीस्क्रिप्ट मुळात का जन्मली, याची हकीकत ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला गोदोच्या कर्त्यांनी ल्यूआ नावाची भाषा वापरून पाहिली, मग पायथन, मग स्क्विरल. दर वेळी काही ना काही अडलं. इंजिनाशी जोडणी किचकट व्हायची, एका वेळी अनेक कामं चालवताना अडचण यायची. शिवाय काही भाषांमध्ये वापरून झालेली मेमरी आवरणारी एक यंत्रणा असते. ती कधी झाडू घेऊन उठेल याचा नेम नाही. पंगत बसलेली असताना मधेच कुणी स्वयंपाकघर झाडायला काढलं तर वाढणाऱ्याचा हात थांबतो, तसा गेम क्षणभर अडखळतो. शेवटी त्यांनी स्वतःचीच भाषा केली. ती दिसायला पायथनसारखी आहे. कंस कमी, ओळ किती आत सरकवली त्यावर अर्थ ठरतो. शिकायला सोपी. आणि गोदोच्या चौथ्या मालिकेत आणखी एक गंमत आहे, नावं देवनागरीत देता येतात. आमच्या गेममध्ये ‘पिशवी’ आणि ‘सुटे_पैसे’ अशा नावांच्या चीजा खरोखर आहेत. ‘जर’, ‘तर’साठीचे मूळ शब्द इंग्रजीच राहतात, पण आपली नावं आपली. जिला इंग्रजीची धास्ती आहे तिला याने केवढा धीर येतो ते आम्ही पाहिलं आहे.

तरीही आम्ही आधी जीडीस्क्रिप्ट घेतली नाही. आमच्यात सगळ्यात जास्त कोडिंग येणारी होती ती सी शार्प शिकलेली. नोकरीसाठीही सी शार्प उपयोगी, कारण ती गोदोच्या बाहेरही चालते. वेगही जास्त. ही कारणं खोटी नव्हती. गोदोची सी शार्पवाली वेगळी आवृत्ती उतरवून घेतली, तिला लागणारं डॉट नेट बसवलं, आणि दोन महिने रोज संध्याकाळी बसून बाजाराचा पहिला भाग उभा केला. लॅपटॉपवर झकास चालत होता.

मग श्रोता गटात बसलो आणि विचारलं, हा गेम तुम्ही कुठे खेळाल? हा प्रश्न आम्ही पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. उत्तरं ऐकून आम्ही गप्प झालो. बऱ्याच जणींच्या हातात फोन असतो, पण तो त्यांचा नसतो. कुणाला भावाचा मिळतो, कुणाला नवऱ्याचा, तोही रात्रीची जेवणं उरकल्यावर अर्धा तास. त्या फोनवर नवीन ॲप टाकायचं म्हणजे विचारायचं, कशाला हवं ते सांगायचं, आणि फोनची जागा भरली की सगळ्यात आधी तेच ॲप उडणार. एक जण सरळ म्हणाली, "ताई, लिंक पाठवा. उघडली, खेळलं, बंद केलं. मागे काही राहत नाही."

लिंक म्हणजे गेम ब्राउझरमध्ये चालला पाहिजे. आणि गोदोच्या चौथ्या मालिकेत सी शार्पमध्ये लिहिलेला गेम ब्राउझरसाठी बाहेर काढता येत नाही. अँड्रॉइडसाठी काढता येतो, तेही ४.२ आवृत्तीपासून आणि प्रायोगिक म्हणून. ब्राउझरसाठी नाही. हे इंजिनाच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं होतं, आम्हीच वाचलं नव्हतं. तिसऱ्या मालिकेत सी शार्पचा गेम ब्राउझरमध्ये जायचा, म्हणून मागे जावं असंही कुणी सुचवलं. पण तिथे देवनागरीची जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट जुळून येत नाहीत, ती सोय चौथ्या मालिकेतच आली. यादीतली ‘ज्वारी’ तुटलेली दिसणार, असा मराठी गेम कुणाला द्यायचा?

तेव्हा दोन महिन्यांचं काम बाजूला ठेवलं आणि जीडीस्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहिलं. तीन आठवड्यांत झालं, कारण काय करायचं ते आता डोक्यात पक्कं होतं. जिने सी शार्पमध्ये सगळं लिहिलं होतं ती मैत्रीण दोन दिवस बोलली नाही, हेही सांगून टाकतो. मग तीच सगळ्यांत पुढे होती.

वेगाचं काय, असं मुली विचारतात. सी शार्प जीडीस्क्रिप्टपेक्षा जलद आहे, सी प्लस प्लस त्याहून जलद. पण जलद कशात, ते बघा. हजारो वस्तूंचे हिशेब दर क्षणाला करायचे असतील तिथे हा फरक जाणवतो. आमच्या बाजारात पंधरा दुकानं आणि एक गिऱ्हाईक. आणि आवाज मिसळायचं खरं काम तुमची भाषा करतच नाही. ते इंजिनाच्या पोटात, सी प्लस प्लसमध्ये चालतं. तुम्ही फक्त ‘हा आवाज लाव’ एवढं सांगता. ते कुठल्याही भाषेत सांगितलं तरी घंटा तशीच वाजते.

याला एक अपवाद आहे, आणि आम्ही नेमका त्यातच पाय घातला होता. गिरणीवर धान्याचा भार आला की तिचा आवाज बदलतो, हे तुम्ही ऐकलं असेल. आमच्यातल्या एकीला वाटलं, हा आवाज रेकॉर्ड न करता गणिताने तयार करावा. गोदोत तशी सोय आहे. पण आवाज गणिताने करायचा म्हणजे एका सेकंदाला ४४,१०० आकडे एकामागून एक बनवून द्यायचे. एक उशिरा आला की कर्रकन आवाज येतो. इथे जीडीस्क्रिप्ट धापा टाकते. इंजिनाच्या माहितीतही या कामासाठी सी शार्प किंवा सी प्लस प्लस बरी असं म्हटलं आहे, आणि जीडीस्क्रिप्टच वापरायची तर सेकंदाला २२,०५० किंवा त्याहून कमी आकड्यांवर भागवावं. तेव्हा तुमचा गेम म्हणजे एखादं वाद्य असेल, सूर जागच्या जागी तयार करायचे असतील, तर भाषेचा विचार वेगळा करा. आम्ही मात्र शेजारच्या गिरणीवर जाऊन मशीन चालू असताना रेकॉर्डिंग केलं आणि गेममध्ये त्याची पट्टी थोडी वरखाली केली. एका ओळीचं काम. वर मालकांनी चहा पाजला.

आणखी एक वाट पूर्वी होती. चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची, व्हिज्युअल स्क्रिप्टिंगची. ती २०१८ मध्ये ३.० आवृत्तीत आली आणि ४.० मध्ये काढून टाकली, कारण वापरणारे फारच थोडे. जुन्या धड्यांमध्ये तिचं नाव दिसलं तर शोधत बसू नका.

आता आवाजाकडे वळू. इथे आपण रेडिओवाल्या बायका थोड्या पुढे असतो. गोदोत आवाजाची रचना आपल्या स्टुडिओतल्या मिक्सरसारखीच आहे. त्यात ‘बस’ असतात, एसटीची बस नव्हे, मिक्सरवरच्या पट्ट्या. बोलण्याची एक, बाजाराच्या गलबल्याची एक, संगीताची एक, आणि सगळ्या जाऊन मिळतात त्या मुख्य पट्टीला. प्रत्येकीचा आवाज डेसिबलमध्ये वरखाली करायचा. शून्य ही वरची रेघ, आणि सहा डेसिबल खाली आणलं की आवाजाची उंची साधारण निम्मी. प्रत्येक पट्टीवर परिणाम चढवता येतात. घुमारा आहे, प्रतिध्वनी आहे, इक्वलायझर आहे, कंप्रेसर, लिमिटर आहे. निवेदिका बोलायला लागली की मागचं संगीत आपोआप दबतं ना, तेही कंप्रेसर लावून जमतं. हे सगळं इंजिनाबरोबरच येतं, कुठलंही प्लगिन न टाकता. ऑगस्ट २०२४ च्या ४.३ आवृत्तीपासून तर एका संगीतातून दुसऱ्यात तालावर सरकणं, दोन-तीन थर एकत्र चालवून हवा तो वर आणणं, हेही आत आलं आहे.

मग प्लगिन कशाला लागतं? मोठ्या गेममध्ये आवाजाचं काम करणारी माणसं वेगळी असतात, कोड लिहिणारी वेगळी. त्यांच्यासाठी ऑस्ट्रेलियातल्या कंपनीचं एफमॉड आणि कॅनडातल्या कंपनीचं वाइज अशी स्वतंत्र साधनं आहेत. आवाजवाली मंडळी तिथे बसून सगळं रचतात आणि कोड फक्त निरोप पाठवतो. गोदोला ती जोडण्यासाठी बाहेरच्या लोकांनी पूलही बांधले आहेत. साधनं उत्तमच आहेत. पण ती खुली नाहीत. लहान बजेटच्या गेमला ठरावीक मर्यादेपर्यंत फुकट, त्यासाठी नाव नोंदवायचं, अटी वाचायच्या, त्या बदलल्या की पुन्हा वाचायच्या. खुलं इंजिन घेऊन त्याचा घसा मात्र दुसऱ्याच्या हातात द्यायचा का, हा विचार आधी करा. पाच-सहा जणींच्या गटाला, जिथे रेकॉर्डिंग करणारी आणि कोड लिहिणारी एकाच सतरंजीवर बसतात, तिथे त्यांची गरज आहे असं आम्हाला वाटत नाही.

आम्हाला गरज वेगळीच पडली. डावा-उजवा आवाज समजणं सोपं आहे. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि किंचित मोठा येतो, मेंदू त्यावरून ओळखतो. पण समोरचा आणि बरोबर मागचा? दोन्ही कानांना सारखाच येतो. खऱ्या जगात आपण तो ओळखतो, कारण कानाच्या पाळीच्या वळणांमुळे मागच्या आवाजातले बारीक, उंच सूर थोडे गळतात, आणि शंका आली की आपण मान वळवतो. हेडफोनमध्ये ही पाळी मधे येत नाही. त्यामुळे पहिल्या चाचणीत सगळ्याजणी एसटी स्टँडकडे पाठ करून चालत सुटल्या. माणसाच्या डोक्याचा आणि कानाचा हा परिणाम मोजून हेडफोनमध्ये उतरवायचं एक तंत्र आहे. ते गोदोमध्ये मुळात नाही, म्हणून आम्ही त्याचं एक प्लगिन शोधलं. ते फुकट होतं, खुलंही होतं. लॅपटॉपवर लावलं आणि अंगावर काटा आला. कुल्फीवाला खरंच मागून गेला.

फोनवर लावलं तर बाजारात शुकशुकाट. एकही आवाज नाही.

असं का झालं, ते नीट ऐका, कारण प्लगिन निवडताना याहून महत्त्वाचं काही नाही. प्लगिन दोन जातींची असतात. काही जीडीस्क्रिप्टमध्येच लिहिलेली असतात, ती जिथे गोदो चालतो तिथे चालतात. दुसरी सी प्लस प्लससारख्या भाषेत लिहून आधीच यंत्राच्या बोलीत उतरवलेली असतात. ही वेगवान, पण प्रत्येक यंत्राची बोली वेगळी. विंडोजसाठी वेगळी फाइल लागते, अँड्रॉइडसाठी वेगळी, ब्राउझरसाठी आणखी वेगळी. करणाऱ्याने ती फाइल तयार केली नसेल तर त्या यंत्रावर प्लगिन मुकं. आमच्या प्लगिनच्या कर्त्याने विंडोज आणि लिनक्सपुरती केली होती. त्याची काय चूक? तो स्वतःच्या हौसेने, फुकट करत होता. फोनसाठीची फाइल आपणही तयार करू शकतो, पण त्यासाठी सी प्लस प्लसची सगळी सामग्री मांडून बसावं लागतं, आणि इंजिनाची नवी आवृत्ती आली की कदाचित पुन्हा.

हे आधी ओळखायचं कसं? अशा प्लगिनच्या फोल्डरमध्ये ‘जीडीएक्स्टेन्शन’ या शेपटीची एक छोटी फाइल असते. ती साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात कुठल्या यंत्रासाठी कुठली फाइल आहे याच्या ओळी असतात. अँड्रॉइडची ओळ आहे का, वेबची आहे का, बघा. एक मिनिट लागतं. आम्ही हे मिनिट वाचवलं आणि बारा दिवस घालवले. त्याच वेळी परवान्याची फाइलही उघडा. एमआयटी असेल तर बिनघोर. जीपीएल असेल तर तेही खुलंच आहे, पण मग गेम वाटताना तुमचा कोडही त्याच अटींवर खुला करावा लागू शकतो. आणि प्लगिनमध्ये शेवटचा बदल कधी झाला ती तारीख पाहा, ज्या विहिरीवर वर्षभर कुणी पाण्याला आलं नाही तिथे पोहरा सोडण्याआधी विचार करावा तसा.

प्लगिन काढून टाकलं. मग वाटलं, इंजिनातलाच फिल्टर लावू, मागचा आवाज थोडा दबका करू. फोनच्या ॲपमध्ये ते जमलं. ब्राउझरमध्ये पुन्हा नाही! त्याचं असं आहे की ४.३ पासून ब्राउझरमध्ये गोदो आवाज मिसळायचं काम ब्राउझरवरच सोपवतो. त्यामुळे साध्या फोनवरही आवाज फाटत नाही, पण बदल्यात घुमारा, फिल्टर, कंप्रेसर हे परिणाम तिथे लागू होत नाहीत. आवाजाची उंची, पट्टी आणि डावं-उजवं एवढंच उरतं. जुनी पद्धत मागून घेता येते, पण मग स्वस्त फोनवर आवाज तडतडतो.

शेवटी तोडगा निघाला तो अगदी घरगुती. प्रत्येक आवाजाच्या दोन प्रती केल्या. एक स्वच्छ, दुसरी ऑडॅसिटीमध्ये उंच सूर कापून दबकी केलेली. दोन्ही एकदम सुरू ठेवायच्या. वस्तू समोर असेल तर स्वच्छ प्रत मोठी, मागे गेली की ती हळूहळू उतरवायची आणि दबकी चढवायची. आणि मान वळवण्यासाठी पडद्यावर बोट डावी-उजवीकडे ओढायचं. त्या महाग तंत्राइतकं हे हुबेहूब नाही. पण स्टँड सापडतो. संगीत दबवायचंही आता कंप्रेसरऐवजी कोडच्या दोन ओळी करतात.

दोन प्रती म्हणजे फाइलींचं वजन दुप्पट, तेव्हा तेही सांगतो. वेव्ह फाइल एका बाजूच्या आवाजाची असली तरी मिनिटाला सुमारे ५ एमबी होते, दोन्ही बाजूंची असली तर १० एमबी. तोच आवाज ऑग व्हॉर्बिसमध्ये, बोलण्यापुरत्या दर्जाने ठेवला तर मिनिटाला अर्ध्या एमबीच्या आसपास. म्हणून घंटा, नाणी, पावलं असे क्षणभराचे आणि सारखे वाजणारे आवाज वेव्हमध्ये, कारण ते उलगडायला प्रोसेसरला कष्ट पडत नाहीत. लांबलचक आवाज आणि बोलणं ऑगमध्ये. आणि भाजीवालीचा आवाज एकाच बाजूचा रेकॉर्ड करा, डावं-उजवं करायचं काम इंजिनाचं आहे.

बोलण्याबद्दल एक मुद्दा राहिला. गोदो फोनमधल्या तयार यंत्र-आवाजाकडून मजकूर वाचून घेऊ शकतो. पण त्या फोनमध्ये मराठी आवाज असेलच असं नाही. असेल का, हे गेम सुरू होताना विचारून घेता येतं, नसेल तर आपलं रेकॉर्डिंग लावायचं. आम्ही महत्त्वाचं सगळं रेकॉर्डच केलं आहे, गटातल्याच बायकांच्या आवाजात. ‘मेथी घ्या, मेथी’ ही हाक यंत्राने द्यावी हे कुणालाच पटलं नाही. सिनेमाचं गाणं मात्र कुठेही घेतलं नाही. हक्क दुसऱ्याचे असतात, रसवंतीवर वाजत असलं तरी.

एक बारीकशी गोष्ट. लिंक उघडल्याबरोबर आवाज येत नाही म्हणून गोंधळू नका. पडद्याला बोट लागल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही. जिला पडदा दिसत नाही तिला बटण शोधायला लावायचं नाही, म्हणून आमच्या गेममध्ये पूर्ण पडदाच एक बटण आहे. कुठेही बोट टेकवा, बाजार सुरू. आणि शक्यतो वायरचा हेडफोन वापरा. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो, बोट ओढल्यावर बाजार मागाहून वळतो आणि डोकं गरगरतं.

तर फोन करणाऱ्या मुलींनो, तुम्ही सुरुवात करताना रिकामा प्रकल्प उघडा. एक बटण ठेवा, एक आवाज ठेवा, हवं ते प्लगिन टाका, आणि तेवढंच बाहेर काढून ओळखीतल्या सगळ्यात जुन्या फोनवर उघडा. वाजलं तर पुढे चला. ब्राउझर नकोच असेल, कॉम्प्युटर लॅबमध्येच खेळायचा गेम असेल, आणि सी शार्प येत असेल, तर खुशाल सी शार्प घ्या, तिथे ती चांगली आहे. वर्षभराने तुमच्यातल्या कुणाचं लग्न होईल, कुणाला पुण्यात नोकरी लागेल, तेव्हा तुमचा कोड मागे राहिलेल्या कुणीतरी उघडून वाचायचा आहे, एवढं धरून भाषा ठरवा.

गेल्या आठवड्यात आमच्या त्या मैत्रिणीने पहिल्यांदा पूर्ण बाजार पार केला. मेथी, गूळ, दळण, सगळं घेऊन एसटी सुटायच्या आधी स्टँडवर. आम्ही सगळ्या तिच्याभोवती श्वास रोखून बसलेलो. हेडफोन काढून ती म्हणाली, "कुल्फीवाल्याची घंटा फार मोठी आहे, भाजीवाली ऐकूच येत नाही." घंटा आता सहा डेसिबलने खाली आणली आहे.